दुर्गा खोटे : तारामती ते मिसेस ब्रगांझा

दुर्गा खोटे (जन्म : १४ जानेवारी १९०५, मृत्यू : २२ सप्टेंबर १९९१). मराठी रंगभूमी आणि मराठी-हिंदी चित्रपट यांतील श्रेष्ठ अभिनेत्री. १९३१ साली पडद्यावर प्रथम दिसलेल्या दुर्गाबाई १९८०च्या दशकाच्या आरंभापर्यंत काम करीत होत्या आणि या काळात त्यांनी सुमारे दोनशे चित्रपटांत भूमिका केल्या. पहिल्या मराठी बोलपटाची नायिका म्हणून त्यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते आणि बहुधा तिथेच थांबते. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा आणि अधिक कसाचा भाग मात्र चरित्र-अभिनेत्रीचा आहे. तिशी ओलांडताच नट्यांना घरी बसावे लागे अशा काळात त्यांनी वय लपविले नाही. ते वयच कामाला लावले. छत्तिसाव्या वर्षी सासूची भूमिका स्वीकारणारी ही नायिका पुढे चाळीस वर्षे मातांच्या, राण्यांच्या आणि आज्यांच्या भूमिका करीत राहिली.

त्यांचे माहेरचे आडनाव लाड. घराणे मूळ गोव्याकडील. मुंबईत स्थायिक झाल्यावरही घरातली बोली कोंकणीच राहिली. वडील पांडुरंग शामराव लाड, आई मंजुळाबाई. गिरगावातील कांदेवाडीच्या मोठ्या एकत्र कुटुंबात त्या वाढल्या. कॅथेड्रल हायस्कूल आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालय असे त्यांचे शिक्षण झाले. घरात कोंकणी, भोवताली मराठी, शाळेत इंग्रजी आणि पुढे कामापुरती नव्हे तर कमावलेली हिंदी-उर्दू, अशा चार भाषांतून त्यांची वाणी घडली. बोलपटाच्या पहिल्या पिढीत आवाज व उच्चार यांवरच नटाचे भवितव्य ठरत असे, म्हणून हा तपशील गौण मानता येत नाही. मूकपटांत गाजलेल्या कित्येक चेहऱ्यांना ध्वनीने घरी पाठविले. दुर्गाबाईंना त्याच ध्वनीने पुढे आणले.

महाविद्यालयात असतानाच त्यांचा विवाह विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. ते बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे यंत्र-अभियंता होते. सासर सधन आणि प्रतिष्ठित. परंतु काही वर्षांतच त्या घराची आर्थिक घडी विस्कटली. पदरात बकुळ आणि हरिन ही दोन लहान मुले. दुर्गाबाईंनी प्रथम शिकवण्या केल्या, मग चित्रपटाची वाट धरली. ऐन तारुण्यात वैधव्यही वाट्याला आले. त्या चित्रपटात आल्या त्या कलेच्या ओढीने नव्हे, तर उपजीविकेसाठी. आणि हे त्यांनी पुढे कधी झाकून ठेवले नाही. मराठी नटनट्यांच्या आठवणींत ‘लहानपणापासूनची आवड’ हे वाक्य इतक्या वेळा भेटते की हा सरळपणा वेगळा उठून दिसतो.

पहिला अनुभव वाईट होता. मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटात त्यांना लहानशी भूमिका मिळाली. चित्रपट सुमार निघाला आणि प्रतिष्ठित घरातील, महाविद्यालयात शिकलेल्या स्त्रीने अशा चित्रपटात दिसावे याची टीका माहेर-सासर दोन्हींकडे झाली. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळाली नव्हती, उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवून त्यांना वेळ निभवावी लागली. त्या गोष्टीला अठरा वर्षे लोटली होती, स्त्रिया पडद्यावर येऊ लागल्या होत्या. पण ‘घरंदाज’ म्हटल्या जाणाऱ्या कुटुंबांचा उंबरठा अजून तितकाच उंच होता.

त्यानंतर कोल्हापूरहून निरोप आला. प्रभात फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम हे हरिश्चंद्राचीच कथा बोलपटात आणीत होते आणि त्यांना तारामती हवी होती. एकदा पोळलेल्या दुर्गाबाई आधी कचरल्या, मग तयार झाल्या. ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झाला. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे; संगीतही त्यांचेच. गंगानाथाच्या भूमिकेत बाबूराव पेंढारकर होते. पार्श्वगायनाची सोय अजून आलेली नव्हती, त्यामुळे नटाने कॅमेऱ्यासमोर गायचे आणि त्याच क्षणी ध्वनिमुद्रण व्हायचे. चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघाला, म्हणजे एकेक प्रसंग दोनदा वठवायचा. दुर्गाबाई गायिका नव्हत्या. रंगभूमीचा संस्कारही त्यांच्यावर नव्हता. याचाच त्यांना उपयोग झाला असे म्हणता येईल. संगीत नाटकाच्या नटांचे लांबविलेले स्वर आणि प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी केलेले हातवारे त्यांच्या अंगी मुरलेलेच नव्हते. हा चित्रपट आजही पाहावयास मिळतो. राजवस्त्रे उतरवून बाजारात विकली जाणारी त्यांची राणी भोवतालच्या नाटकी रीतीपेक्षा वेगळी, आवरून धरलेली वाटते.

याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’ आला. त्यात त्या स्त्रीराज्याची राणी होत्या. दोन चित्रपटांनी त्यांचे नाव देशभर झाले, आणि प्रतिष्ठेच्या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याच अंशी मिळाले. दुर्गाबाईंच्या यशानंतर सुशिक्षित घरांतील मुलींना चित्रपटाचे दार उघडले, असे चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते. दार सताड उघडले असे नाही. पण ते वाजविण्याची लाज मात्र कमी झाली.

त्या काळी नट एका कंपनीचा पगारी नोकर असे. दुसऱ्या कंपनीत काम करण्याची मुभा त्याला नसे. दुर्गाबाईंनी ही चौकट फार लवकर ओलांडली. प्रभातशी संबंध न तोडता त्या कलकत्त्याला गेल्या. न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’त (१९३३) त्यांनी मीरेची भूमिका केली आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी त्याच दिग्दर्शकाच्या ‘सीता’त (१९३४) सीतेची. दोन्ही चित्रपटांत त्यांच्यासमोर पृथ्वीराज कपूर होते. ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. काम तिथे जायचे, करार चित्रपटापुरता करायचा, हा व्यवहार पुढे सर्वांचाच झाला. तेव्हा मात्र एकट्या बाईने तो करणे हे धाडस होते, आणि त्यामागे दोन मुलांच्या संगोपनाचा रोकडा हिशेब होता.

या पर्वातील सर्वांत लक्षणीय भूमिका ‘अमरज्योती’मधील (१९३६) सौदामिनीची. शांताराम यांच्या या चित्रपटातील नायिका समुद्रावरील चाच्यांची सरदार आहे. पतीपासून दुरावलेल्या स्त्रीला स्वतःच्या मुलावर हक्क नाही, असा न्याय राज्याने दिल्यामुळे ती बंड करून उठते आणि ज्याने तो न्याय दिला त्या मंत्र्याला, म्हणजे चंद्रमोहन यांनी रंगविलेल्या दुर्जयाला, कैद करते. कथेची मांडणी आज काहीशी भडक वाटेल. परंतु पत्नीला कायद्याने दासी ठरविणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध शस्त्र उचललेली स्त्री १९३६ साली पडद्यावर उभी करणे ही गोष्ट भडकपणाच्या पलीकडची आहे. हाच चित्रपट शांताराम यांच्या ‘कुंकू’च्या एक वर्ष आधीचा. ‘कुंकू’ची चर्चा नेहमी होते, सौदामिनी उगाचच मागे पडली.

सासू आणि कैकेयी

१९४१ साली आचार्य अत्रे यांच्या कथेवरील ‘पायाची दासी’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘चरणों की दासी’ प्रदर्शित झाली. दिग्दर्शक गजानन जागीरदार. सुनेची भूमिका वनमालाबाईंकडे होती आणि छळ करणारी सासू होती दुर्गा खोटे. नऊ वर्षांपूर्वीची तारामती, सात वर्षांपूर्वीची सीता आता खाष्ट सासू होऊन आली. प्रेक्षकांना तिचा राग यावा हीच भूमिकेची मागणी. नायिकेच्या भूमिका अजून मिळत असताना हे पात्र घेणे म्हणजे परतीचे दोर कापणे होते. दुर्गाबाईंनी ते कापले.

पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये त्या कैकेयी झाल्या. सीतेपासून कैकेयीपर्यंतचा हा प्रवास अवघ्या आठ वर्षांचा. या दोन्ही भूमिकांसाठी त्यांना बंगालच्या चित्रपट-पत्रकार संघाचे पारितोषिक मिळाले. १९४३ साली सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये त्या मृणालवती होत्या. कन्हैयालाल मुनशींच्या कादंबरीतील ही राजाची बहीण गर्विष्ठ आणि कठोर. बंदी करून आणलेल्या मुंजाला नमविण्याच्या ईर्षेने पेटलेली आणि अखेरीस स्वतःच हरलेली. मोदी म्हणजे घनगंभीर आवाजाचा, संवादांच्या फैरी झाडणारा नट. त्यांच्यासमोर आवाज न चढवता उभे राहणे सोपे नव्हते. दोघांच्या त्या जुगलबंदीवरच चित्रपट तोलून धरलेला आहे.

या तीन भूमिका एकत्र पाहिल्या म्हणजे दुर्गाबाईंचे वेगळेपण ध्यानात येते. भारतीय चित्रपटातील आई बहुधा सोसणारी असते; तिच्या वाट्याला अश्रू आणि देव्हारा एवढेच येते. दुर्गाबाईंच्या वाट्याला आलेल्या किंवा त्यांनी निवडलेल्या स्त्रियांच्या हाती सत्ता आहे. घराची असो वा राज्याची, ती सत्ता त्या वापरतात, चुकीची वापरतात आणि तिची किंमत मोजतात. त्यांची सासू दुष्ट आहे, पण हलकी नाही. उंच बांधा, ताठ मान आणि शब्द पूर्ण उच्चारून मगच थांबण्याची सवय यांमुळे त्यांच्या खलस्त्रीलाही एक अदब राही.

रंगभूमीवर

बहुतेक नट नाटकातून चित्रपटात गेले. दुर्गाबाईंचा क्रम उलटा. चित्रपटात नाव झाल्यावर त्या नाटकाकडे वळल्या. बोलपटाने नाटक कंपन्यांचे कंबरडे मोडले होते. अशा पडत्या काळात डॉ. अमृत नारायण भालेराव यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यशाखेमार्फत जुनी-नवी नाटके नव्या संचात उभी केली आणि त्यासाठी चित्रपटातील नामवंतांनाही साद घातली. दुर्गाबाई त्या हाकेला ओ देणाऱ्यांपैकी. मुंबईत भारतीय जननाट्य संघाच्या कामाशीही त्यांचा संबंध होता.

त्यांची सर्वांत गाजलेली रंगभूमीवरील भूमिका कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाईची. नारायणराव पेशव्यांच्या खुनाभोवतीचे हे नाटक मूळ १९०९ सालचे. तेव्हा त्यातील स्त्रीपात्रे पुरुषच करीत. साहित्य संघाच्या प्रयोगात राघोबादादा झाले होते नानासाहेब फाटक. हा राघोबा पराक्रमी पण दोलायमान. त्याच्या मनातील इच्छेला शब्द देणारी आणि तो माघार घेऊ लागताच त्याला डिवचणारी ती आनंदीबाई. ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणून महाराष्ट्राने तिला केव्हाच दोषी ठरवून टाकले आहे. त्या ठरलेल्या निकालाविरुद्ध तिच्या महत्त्वाकांक्षेला माणूसपण देणे हे या भूमिकेतले खरे आव्हान, आणि दुर्गाबाईंची आनंदीबाई तेवढ्यासाठीच नावाजली गेली. पुढे वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिले, तेव्हा त्या पतीला राजहत्येला प्रवृत्त करणाऱ्या पत्नीची भूमिकाही त्यांच्याकडेच आली, पुन्हा नानासाहेब फाटकांसमोर. एका परीने ते ‘भाऊबंदकी’चेच दुसरे रूप होते.

अभिनयासाठी त्यांना १९५८ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. रंगभूमीशी त्यांच्या घराचे नाते आणखी एका धाग्याने जोडलेले आहे. धाकटे चिरंजीव हरिन यांच्या पत्नी विजया याच पुढे ‘रंगायन’ उभारणाऱ्या विजया मेहता. हरिन अकाली गेले. ते दुःख दुर्गाबाईंनी आत्मचरित्रात मांडले आहे. दीर नंदू खोटे हेही नट. शुभा खोटे आणि विजू खोटे ही त्यांची मुले.

जोधाबाई आणि नंतर

१९६० साली के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ आला. अकबर पृथ्वीराज कपूर आणि जोधाबाई दुर्गा खोटे. ‘राजरानी मीरा’तील जोडी सत्तावीस वर्षांनी पुन्हा समोरासमोर उभी राहिली, आता सम्राट आणि महाराणी म्हणून. या चित्रपटाची आठवण काढताना लोक शीशमहाल आणि मधुबाला यांच्याविषयी बोलतात, ते योग्यच. मात्र बाप-लेकाच्या संघर्षात दोन्हीकडून फाटणारी जोधाबाई नसती, तर तो संघर्ष केवळ दोन हट्टी पुरुषांचे भांडण ठरला असता. पती की पुत्र या पेचात सापडलेली आई आणि राज्याची मर्यादा जाणणारी राणी, या दोन्ही बाजू त्यांनी मोजक्या प्रसंगांत सांभाळल्या आहेत. दरबारी उर्दूचे ते भारदस्त संवाद त्यांच्या तोंडी परके वाटत नाहीत.

कपूर घराण्याशी त्यांचा पडद्यावरचा संबंध इथे संपत नाही. जेम्स आयव्हरी यांच्या पहिल्या कथाचित्रपटात, ‘द हाउसहोल्डर’मध्ये (१९६३), त्या शशी कपूर यांची आई झाल्या. सुनेच्या संसारात येऊन बसलेली, कुरकुर करणारी ही आई विनोदाच्या अंगाने जाते. ‘पायाची दासी’तील सासूची ती जणू सौम्य, मध्यमवर्गीय बहीण. आणि त्यानंतर दहा वर्षांनी राज कपूर यांच्या ‘बॉबी’त (१९७३) ऋषी कपूर यांना सांभाळणारी मिसेस ब्रगांझा. तीन पिढ्यांत एकाची नायिका, दुसऱ्याची आई, तिसऱ्याची दाई.

मिसेस ब्रगांझा ही भूमिका गोमंतकीय वाचकाला विशेष जवळची. श्रीमंताच्या मुलाला वाढवून मग दूर केली गेलेली ही म्हातारी ख्रिस्ती बाई, त्या मुलाच्या वाढदिवसाच्या समारंभाला नातीला घेऊन येते आणि तिथल्या थाटामाटात तिच्याकडे कोणी पाहतही नाही. हिंदी चित्रपटाने गोव्याच्या ख्रिस्ती माणसाचे एक ठरीव सोंग करून ठेवले आहे : हातात बाटली, तोंडी मोडकी हिंदी. ‘बॉबी’ही त्यातून सुटलेला नाही. दुर्गाबाईंची आजी मात्र त्या सोंगात शिरत नाही. जिच्या घरात कोंकणी बोलली जाई त्या बाईला गोव्याची आजी कशी बसते, कशी हात जोडते, अपमान गिळून कशी उठते, हे कोणी शिकवायची गरज नसावी.

साठ आणि सत्तरच्या दशकांत त्यांनी खूप काम केले. ते सगळे सारख्या तोलाचे नाही हे मान्य केले पाहिजे. हिंदी चित्रपटाला पांढऱ्या केसांची, पांढऱ्या साडीची आई सतत हवी असे आणि अनेक चित्रपटांत दुर्गाबाईंना त्याहून अधिक काही करायला दिलेच नाही. आनंदीबाई साकारणाऱ्या नटीकडून केवळ आशीर्वादाचा हात मागायचा, ही उधळपट्टीच. हृषीकेश मुखर्जी यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी मात्र त्यांना साध्या घरगुती माणसात आणून बसविले. ‘अनुपमा’ (१९६६), ‘आनंद’ (१९७१) आणि ‘अभिमान’ (१९७३) या चित्रपटांत त्या थोडा वेळ दिसतात, पण घर खरे वाटते ते त्यांच्यामुळे. ‘अभिमान’मध्ये तर पात्राचे नावच दुर्गामावशी. ‘बिदाई’साठी (१९७४) त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. सुभाष घई यांच्या ‘कर्ज’मधील (१९८०) मुलाची वाट पाहणारी आई ही नव्या पिढीला ठाऊक असलेली त्यांची भूमिका.

अभिनयाखेरीज त्यांनी व्यवसायही केला. ‘फॅक्ट फिल्म्स’ आणि पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ या संस्थांमार्फत त्यांनी लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट काढले. दूरदर्शनवर १९८८ साली सुरू झालेली, आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या कल्पनेवरील ‘वागले की दुनिया’ ही मालिका याच संस्थेची निर्मिती. अंजन श्रीवास्तव यांनी रंगविलेला तो वागले अजून लोकांच्या स्मरणात आहे. त्याच्या निर्मात्या संस्थेचे नाव ‘अयोध्येचा राजा’च्या तारामतीचे, हे मात्र थोड्यांच्या लक्षात असेल.

१९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. देविका राणी, सुलोचना म्हणजे रूबी मायर्स आणि कानन देवी यांच्यानंतर हा सन्मान मिळालेल्या त्या चौथ्या स्त्री कलावंत. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार बोलपटातील पहिल्या मराठी तारामतीला मिळाला.

‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र १९८२ साली प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला असून तो २००६ साली निघाला. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त ३ मे २०१३ रोजी टपाल खात्याने पन्नास कलावंतांवर तिकिटे काढली, त्यांत दुर्गाबाईंचे तिकीट आहे.